डीफ्रॅग मारू का? हार्ड डिस्कमधल्या तुकड्यांचा हिशोब

(ऑडिओ एपिसोडचा लेखी मजकूर. "म्हणजे बघा", "तर काय" हे थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली असेल, हॉस्टेलच्या गच्चीवर बसला असाल, किंवा शेतात मोटर चालू करून पाणी भरत असाल, कुठेही असा, इअरफोन नीट लावा. आज कॉम्प्युटरच्या पोटात शिरायचंय.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न कोणता माहितीये? "भाऊ, कॉम्प्युटर खूप स्लो झालाय. डीफ्रॅग मारू का?" कधी कॉलेजच्या पोराचा असतो, कधी सेवा केंद्र चालवणाऱ्या दादाचा, कधी शाळेतल्या मॅडमचा. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. म्हणून म्हटलं, एकदाच सविस्तर बोलू.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगतो. तुमच्याकडे जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि ती ठणठणीत असेल, तर डीफ्रॅग करा, फायदा आहे. एसएसडी असेल किंवा विषय मोबाईलचा असेल, तर करू नका. आणि डिस्क आजारी असेल, तर त्या बटणाला हातही लावू नका, आधी आतला माल बाहेर काढा. आता ही तीन उत्तरं वेगवेगळी का, ते बघू.

आपल्याकडे हा प्रश्न अजून का जिवंत आहे

पुण्या-मुंबईतले मित्र म्हणतात, "अरे, आता हार्ड डिस्क कोण वापरतं?" त्यांना म्हणावं, एकदा नंदुरबारला या.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून किती कामं कॉम्प्युटरवर आली बघा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, पीक विमा, सातबारा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख होती आणि त्यात दर दहापैकी जवळपास सात माणसं आदिवासी समाजातली. म्हणजे दाखले आणि शिष्यवृत्ती हा इथल्या घराघरातला विषय. फॉर्मची शेवटची तारीख असते, बाहेर रांग असते, धडगावच्या डोंगरातून सकाळी निघालेली माणसं बसलेली असतात, आणि आत एकच कॉम्प्युटर गोल गोल चकरी दाखवत बसतो. तो कॉम्प्युटर बहुतेक वेळा आठ-दहा वर्षं जुना असतो आणि त्यात फिरणारी हार्ड डिस्कच असते. म्हणून हा विषय आपल्यासाठी इतिहासजमा झालेला नाही.

डिस्कच्या आत काय चालतं

हार्ड डिस्कचा डबा उघडला (उघडू नका, धूळ गेली की संपली) तर आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या दिसतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. लॅपटॉपमध्ये बहुधा ५४००, डेस्कटॉपमध्ये ७२००. तबकडीच्या वर एक बारीक दांडी असते, तिच्या टोकाला हेड. हे हेड तबकडीला न टेकता, अगदी केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं आणि चुंबकाने लिहिलेलं वाचतं.

आता हेडला एखादी गोष्ट वाचायची असेल तर दोन कामं करावी लागतात. आधी दांडी हलवून योग्य वर्तुळावर जायचं. मग तबकडी फिरून हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत थांबायचं. ७२०० वाली तबकडी सेकंदाला १२० चकरा मारते, म्हणजे एका चकरीला सव्वाआठ मिलिसेकंद. सरासरी अर्धी चकर थांबावं लागतं, साधारण ४ मिलिसेकंद. दांडी हलवायला सरासरी ९ मिलिसेकंद धरा. एकूण १३ मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ऐकायला काहीच वाटत नाही. थांबा, पुढे हिशोब करू.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळं मिळून ५० लाख अक्षरं मावायची. आज आपण फोनवर काढलेला एक फोटोही तिच्यात कसाबसा बसला असता. पण फिरणारी तबकडी आणि हलणारं हेड ही मूळ कल्पना तेव्हापासून आजपर्यंत तीच आहे. म्हणून तुकड्यांची अडचणही तीच आहे.

तुकडे पडतात कसे

डिस्कवर जागा छोट्या छोट्या कप्प्यांमध्ये वाटलेली असते. विंडोजमध्ये एक कप्पा साधारणपणे ४ केबीचा. आपण सोयीसाठी फक्त १२ कप्प्यांची डिस्क धरू.

पहिल्या ४ कप्प्यांत बहिणीच्या लग्नाचा अल्बम. पुढच्या ३ मध्ये एक पिक्चर. पुढच्या ३ मध्ये कॉलेजचा प्रोजेक्ट. शेवटचे २ रिकामे. पिक्चर बघून झाला, डिलीट केला. आता मध्ये ३ रिकामे आणि शेवटी २ रिकामे. मग तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचा व्हिडिओ आणला, त्याला ५ कप्पे लागतात. सलग ५ कुठेच नाहीत. कॉम्प्युटर काय करतो? ३ मध्ये भरतो, २ शेवटी भरतो. झाले एका फाईलचे दोन तुकडे.

फाईल खराब झाली का? अजिबात नाही. व्हिडिओ पूर्ण दिसेल. कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद डिस्कवर एका तक्त्यात असते. फक्त व्हिडिओ चालवताना हेडला मध्ये उडी मारून शेवटी जावं लागतं. रोज फाईली येतात, जातात, विंडोजचे अपडेट येतात, ब्राउझर हजारो बारीक फाईली बनवतो आणि पुसतो. डिस्क भरत आली की सलग जागा उरतच नाही, आणि मग तुकडे पडायचं प्रमाण फार वाढतं.

सातबारा आणि गट नंबर

हे समजायला आपल्याकडे एक सोपी गोष्ट आहे, आणि ती शेतीतली आहे.

आजोबांची दहा एकर एका जागी होती. तीन भावांत वाटणी झाली, मग त्यांच्या मुलांत झाली. आता एका माणसाच्या नावावर दोन एकर, पण अर्धा एकर नाल्याकडे, एक एकर गावाच्या दुसऱ्या टोकाला, उरलेली रस्त्याच्या पलीकडे. जमीन तेवढीच आहे, पिकतेही. पण औजारं घेऊन या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाण्यातच दिवस मोडतो.

यासाठी १९४७ साली कायदा झाला, जमिनीचे तुकडे पाडायला प्रतिबंध आणि त्यांचं एकत्रीकरण करण्याचा. आपण त्याला तुकडेबंदी कायदा म्हणतो. एकत्रीकरण योजना जिथे राबवली गेली तिथे जमिनींची अदलाबदल करून सलग गट पाडले, आणि सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर आले. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल तर तो कुठून आला, हे आज घरी विचारून बघा.

फ्रॅगमेंटेशन म्हणजे तुकडे पडणं. डीफ्रॅगमेंटेशन म्हणजे एकत्रीकरण. डिस्कवरचा तो नोंदींचा तक्ता म्हणजे तलाठ्याचं दप्तर. डीफ्रॅग करणारा प्रोग्रॅम एका फाईलचे विखुरलेले तुकडे उचलतो, सलग जागेत नेऊन ठेवतो आणि दप्तरातली नोंद बदलतो. या तुलनेतून दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. एक, एकत्रीकरणाने जमीन वाढत नाही. डीफ्रॅगने डिस्कवरची जागाही वाढत नाही. दोन, अदलाबदल करायला थोडी मोकळी जागा हातात लागते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तुकडे हलवायचे कुठे?

फरक किती पडतो

आता तो १३ मिलिसेकंदांचा हिशोब. समजा ५० एमबीची एक फाईल आहे आणि डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० एमबी वाचते. फाईल सलग असेल तर अर्ध्या सेकंदात काम झालं.

तीच फाईल १००० तुकड्यांत असेल तर? प्रत्येक तुकड्याला १३ मिलिसेकंदांची उडी. हजार उड्या म्हणजे १३ सेकंद. वाचायचा अर्धा सेकंद वेगळा. अर्ध्या सेकंदाचं काम साडेतेरा सेकंदांवर गेलं. हा अगदी वाईट दिवसाचा हिशोब आहे, रोज इतके तुकडे नसतात. पण हेडच्या उड्या वेळ कशा खातात ते यातून कळतं.

आता उलट बाजू. फाईलचे ५-७ मोठे तुकडे असतील तर किती वेळ गेला? ७ गुणिले १३, ९१ मिलिसेकंद. डोळ्याला कळणारही नाही. म्हणून विंडोज व्हिस्टापासून ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायच्या भानगडीत विंडोज पडतच नाही. रिपोर्टमध्ये ३-४ टक्के तुकडे दिसले म्हणून घाबरून रोज डीफ्रॅग करायची गरज नाही.

रंगीत पट्ट्यांचा जमाना

एक्सपीच्या काळात एमएस-सीआयटी केलेल्यांना ती खिडकी आठवत असेल. लाल पट्ट्या म्हणजे तुकडे झालेल्या फाईली, निळ्या म्हणजे सलग, हिरव्या म्हणजे न हलवता येणाऱ्या, पांढरी म्हणजे मोकळी जागा. लाल कमी होत निळं वाढताना बघायला मजा यायची. त्याआधी १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्येही डीफ्रॅग होतं, ते मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडून घेतलं होतं.

एक्सपीमध्ये हे काम आपण आठवणीने करायचं होतं, आणि डिस्कवर किमान १५ टक्के जागा मोकळी लागायची. व्हिस्टापासून विंडोजने हे स्वतःकडे घेतलं, आठवड्यातून एकदा आपोआप. विंडोज ८ मध्ये नाव बदलून "ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज" झालं, कारण आता ते डिस्क बघून काम ठरवतं. हार्ड डिस्क असेल तर तुकडे जोडतं, एसएसडी असेल तर वेगळंच काम करतं. ते वेगळं काम काय, पुढे सांगतो.

मग आपोआप होतं तर आपण कशाला डोकं घालायचं? इथे आपल्या भागातली खरी अडचण येते. विंडोज ही कामं कॉम्प्युटर चालू आहे पण कुणी वापरत नाही, अशा वेळी करतं. रात्री दोनची वेळ मुळात ठरलेली असते, ती हुकली तर पुढे रिकामा वेळ मिळेल तेव्हा. सेवा केंद्रात किंवा शाळेच्या लॅबमध्ये काय होतं? सकाळी चालू केला की कामाला जुंपला, संध्याकाळी शटर खाली, मेन स्विच बंद. रिकामा वेळ मिळतच नाही. महिनोन्महिने डीफ्रॅग झालेलं नसतं आणि कुणाला पत्ता नसतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं

पायरी पहिली, डिस्क ओळखा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क शून्य, डिस्क एक असं दिसेल, नव्या विंडोज १० आणि ११ मध्ये त्याखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं.

पायरी दुसरी, तब्येत बघा. त्याबद्दल लगेच बोलणार आहे, ती पायरी वगळू नका.

पायरी तिसरी, महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत काढा. पेन ड्राइव्हवर, बाहेरच्या डिस्कवर, क्लाउडवर, कुठेही.

पायरी चौथी, जागा मोकळी करा. डिस्क क्लीनअपने टेम्पररी फाईली काढा, रिसायकल बिन रिकामं करा, जुने पिक्चर उडवा. केंद्रवाल्या मित्रांसाठी खास: लोकांच्या आधारच्या आणि दाखल्यांच्या स्कॅन कॉपी काम झाल्यावर डिस्कवर साठवून ठेवू नका. जागाही जाते आणि दुसऱ्याची खासगी कागदपत्रं आपल्याकडे पडून राहणं बरं नाही. १५ ते २० टक्के जागा मोकळी झाली की पुढे जा.

पायरी पाचवी, स्टार्टमध्ये "डीफ्रॅग" टाइप करा, "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज" उघडा. तिथे प्रत्येक ड्राइव्हसमोर तिचा प्रकार आणि शेवटचं काम कधी झालं ती तारीख दिसते. तारीख खूप जुनी असेल तर कारण सापडलं. आधी "अॅनालाइझ" दाबा. टक्केवारी येईल. विंडोज गरज आहे म्हणालं तरच "ऑप्टिमाइझ" दाबा. पहिल्या वेळी काही तास लागू शकतात, म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर लावा.

आणि लाईट? डीफ्रॅगमध्ये लाईट गेली तर फाईली जातात का, हा प्रश्न येणारच. विंडोजचं साधन आधी तुकडा नव्या जागी लिहितं आणि मगच नोंद बदलतं, त्यामुळे सहसा फाईल शाबूत राहते. तरी चालत्या हार्ड डिस्कचा करंट अचानक तोडणं तिच्यासाठी कधीच चांगलं नसतं. यूपीएस असेल तरच लावा, आणि लाईट सारखी ये-जा करत असेल त्या रात्री लावूच नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. डीफ्रॅगमध्ये डिस्क तासन्‌तास राबते आणि तापते. म्हणून भर दुपारी नको, आणि कॅबिनेटच्या पंख्यातली धूळ आधी काढा.

डीफ्रॅग काय करत नाही

तीन कामांची लोक गल्लत करतात. डिस्क क्लीनअप नको असलेल्या फाईली काढतं. चेक डिस्क फाईलींच्या नोंदींमधल्या चुका दुरुस्त करतं. डीफ्रॅग फक्त मांडणी लावतं. व्हायरस, कमी रॅम, स्लो नेट, खराब सेक्टर, यातलं काहीही डीफ्रॅगने सुधारत नाही.

आणि स्पष्ट बोलायचं तर, जुना कॉम्प्युटर स्लो होण्यामागे बऱ्याचदा तुकडे हे मोठं कारण नसतंच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सारखी १०० टक्के दिसते? रॅम ४ जीबी आहे आणि क्रोमच्या दहा टॅब उघड्या आहेत? मग रॅममध्ये न मावलेला माल विंडोज डिस्कवर ढकलतंय. शिवाय आजचं विंडोज एका वेळी शेकडो बारीक फाईली मागतं. प्रत्येक फाईल सलग असली तरी या फाईलवरून त्या फाईलवर उडी मारावीच लागते. तिथे एकत्रीकरणाचा उपयोग संपतो. त्यावर इलाज म्हणजे रॅम वाढवणं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं. साटा पोर्ट असलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्येही साधी एसएसडी बसते. नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी दुकानात जाऊन फक्त एसएसडीचा भाव विचारा.

आजारी डिस्क: इथे खरा धोका आहे

हा भाग झोपेत ऐकत असाल तर उठा.

आमच्या भागातल्या एका फोटो स्टुडिओत डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला. फोल्डर उघडायला मिनिट लागायचं, कॉपी मध्येच अडकायची. कुणीतरी सल्ला दिला, डीफ्रॅग मार, मोकळा होईल. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी विंडोज सुरूच झालं नाही. त्या डिस्कवर तीन लग्नसराईंचे फोटो होते, दुसरी प्रत नव्हती. डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलेला आकडा नव्या डिस्कच्या कितीतरी पट होता, आणि सगळं मिळेल याची खात्री नाही ती नाहीच. ज्यांचे फोटो गेले त्यांच्या घरात पुन्हा लग्न लावून फोटो काढता येणार नव्हते.

असं का झालं? डीफ्रॅग म्हणजे डिस्कला रात्रभर पळवणं. हेड हजारो उड्या मारतं, जुनं वाचतं, नव्या जागी लिहितं. निरोगी डिस्क ते सहज करते. मरायला टेकलेल्या डिस्कचे उरलेले श्वास त्यातच संपतात. शिवाय चांगल्या जागेवरचा तुकडा उचलून खराब होत चाललेल्या जागेवर ठेवला जाऊ शकतो. नदी काठ खात असेल तेव्हा जमिनीची मोजणी काढत बसत नाहीत. आधी घरातली माणसं आणि सामान हलवतात.

तब्येत बघायची कशी? प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. उघडलं की निळ्या रंगात "गुड", पिवळ्यात "कॉशन" किंवा लाल रंगात "बॅड" दिसतं. खालच्या यादीत तीन ओळी शोधा: रिअॅलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. या तिन्हींची संख्या शून्य असेल तर छान. शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क निरोप घेतेय. "गुड" दिसतंय म्हणून डिस्क कधीच जाणार नाही असंही नाही, काही डिस्क काहीही न सांगता जातात. म्हणून दुसरी प्रत हवीच.

पिवळं-लाल दिसलं किंवा टक-टक ऐकू आली तर क्रम असा: डीफ्रॅग नाही, चेक डिस्क नाही, फॉरमॅट नाही. सगळ्यात महत्त्वाचं आधी कॉपी करा, म्हणजे फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट. पिक्चर-गाणी शेवटी. आणि डिस्क आवाज करत असेल व त्यावरचा डेटा जीव की प्राण असेल, तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

एसएसडी आणि तुमचा फोन

एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. ना तबकडी, ना हेड. कुठल्याही कप्प्यापर्यंत पोचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. मघाचे हजार तुकडे घ्या: हजार गुणिले ०.१, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. साडेतेरा सेकंद कुठे आणि हे कुठे! म्हणजे तुकडे जोडून फायदा जवळपास शून्य. तोटा मात्र आहे. फ्लॅश मेमरीत प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. उगाच माल इकडचा तिकडे केला तर ते आयुष्य खर्च होतं.

एसएसडीला हवी असते ती ट्रिम. फाईल डिलीट केली की विंडोज एसएसडीला कळवतं, "ही जागा आता मोकळी समज." मग एसएसडी सवडीने ती साफ करून ठेवते. विंडोजमधलं "ऑप्टिमाइझ" बटण एसएसडीवर मुख्यतः हेच करतं, म्हणून ते आपोआपचं वेळापत्रक बंद करू नका. बाहेरून आणलेलं डीफ्रॅग सॉफ्टवेअर मात्र एसएसडीवर चालवू नका.

तुमच्या हातातल्या फोनमध्येही फ्लॅश मेमरीच आहे. अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, फोन स्वतः ट्रिम करतो, सहसा रात्री, चार्जिंगला लावून शांत पडलेला असताना. त्यामुळे "फोन डीफ्रॅग", "सुपर बूस्टर" असली अॅप टाकायची काही गरज नाही. ती जाहिराती दाखवतात, परवानग्या मागतात आणि बॅटरी खातात. फोन स्लो असेल तर स्टोरेज किती भरलंय बघा. काठोकाठ भरलेल्या फ्लॅशला नवीन लिहिण्याआधी जागा साफ करत बसावं लागतं, म्हणून फोन अडखळतो. व्हॉट्सअॅपच्या गुड मॉर्निंगच्या फोटोंपासून सुरुवात करा. तिथेच दोन-चार जीबी सापडतील.

आलेले तीन प्रश्न, झटपट

"बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क डीफ्रॅग करू का?" फिरणारी असेल आणि निरोगी असेल तर चालेल. पण तिच्यावर फक्त बॅकअप ठेवत असाल तर गरज जवळपास नसते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डला नको, ती फ्लॅश आहेत.

"फॉरमॅट मारला तर तुकडे जातील ना?" जातील, सोबत फाईलीही जातील. उंदीर झाले म्हणून घर पाडण्यासारखं आहे ते.

"शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स आहे, तिथे?" लिनक्सची नेहमीची फाईल पद्धत, एक्स्ट४, लिहितानाच सलग जागा शोधते. डिस्क पार भरू दिली नाही तर वेगळं डीफ्रॅग करायची वेळ सहसा येत नाही.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. घरातल्या, केंद्रातल्या किंवा शाळेतल्या एका कॉम्प्युटरसमोर बसा. डिस्क कोणती ते बघा, तब्येत बघा, महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा. हे तिन्ही झालं आणि डिस्क फिरणारी निघाली, तर खुशाल डीफ्रॅग लावा. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी शटर खाली करताना कॉम्प्युटर थोडा वेळ चालू राहू द्या, तेवढं पुरतं. आणि कुणी विचारलं, "भाऊ, डीफ्रॅग मारू का?" तर त्याला उलट विचारा, "दुसरी प्रत आहे का?"

पुढच्या एपिसोडमध्ये रॅमबद्दल बोलू, ४ जीबीत आजचं विंडोज कसं तग धरतं ते. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!